बाबांचा साचा आणि देवळातला नारळ

मांद्रे, पेडणे
१२ नोव्हेंबर १९८६

चि. चंद्रावतीस,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच. बाबांचा साचा चोरीला गेला.

काल क्लारनेटच्या पत्त्यांसाठी वाळत घातलेल्या देवनळाच्या कांड्या बघायला माळ्यावर गेलो, तर कोपरा रिकामा. हातभर लांबीची ती सागवानी पाटी, नळाची चीप बसवायची तिच्यातली खाच, दोन्ही अंगांच्या उतरत्या पितळी पट्ट्या, वरचा मुठीएवढा रंधा, सगळे गायब! फडके तेवढे ठेवलेय. चोरालासुद्धा आपल्या घरातले फडके नको होते, बघ.

तुला साच्याची महती सांगायला नको, पण रागात माणूस सगळेच सांगतो. पाद्र्यांच्या इगर्जेत वाद्ये शिकवणाऱ्या मेस्ताने बाबांना क्लारनेट शिकवले आणि जाताना क्लारनेटच्या तोंडाशी बसवायची एक मोडकी विलायती पत्ती दिली. तिचा उतार डोळ्याने मोजून बाबांनी त्या पितळी पट्ट्या कानशीने घासल्या. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत वाजवणारे पुष्कळ आहेत, पण सगळे मुंबईहून पत्ती येण्याची वाट बघत बसतात. घरी पत्ती होते ती एका आपल्याकडे. पालखीपुढे शिवदासाचेच क्लारनेट हवे असे गाव म्हणते ते उगाच नाही. बाबांच्या हाताचा गुण माझ्यात उतरलाय असे म्हाताऱ्या माणसांनी माझ्या तोंडावर म्हटलेय.

चोर कोण ते मला ठाऊक आहे. धाकू. दोडामार्गकडून आलेला तो सुतार, ज्याला मी मागची पडवी राहायला दिली. दसऱ्याला रंध्याचे पाते काढून त्याने अंगठ्यावर फिरवले होते आणि ‘असां पातां आता गावणा नाय’ म्हणाला होता. तेव्हाच मी समजायला हवे होते. काल त्याची हत्यारांची पेटी अंगणात ओतून बघितली. शेजारपाजारचे होतेच. काही सापडले नाही. म्हणजे विकला असणार.

तू नार्व्याला निघालीस त्या सकाळी माळ्यावरून नारळ काढलेस ना? तेव्हा साचा तिथे होता का, ते उलट टपाली कळव.

भाऊबीजेला तू दरवर्षी थोडा हात लावतेस त्या पत्त्या डब्यात आहेत म्हणून हा जत्रांचा हंगाम निभेल. पण पुढे काय? साचा मिळाला नाही तर मी देवळात नारळ ठेवणार आहे. मग ज्याने नेला त्याचे देव बघून घेईल.

तुझा,
दादा


नार्वे, डिचोली
२० नोव्हेंबर १९८६

ती. दादास नमस्कार.

पत्र वाचले. माळ्यावर मी गेले होते हे खरे. नारळ काढले हेही खरे. धाकूने साचा नेलेला नाही हे त्याहून खरे. मला कसे ठाऊक ते विचारू नकोस, पण शपथेवर सांगते.

तू त्याची पेटी अंगणात ओतलीस? चारचौघांत? दादा, तुझे क्लारनेट कुणी असे भर अंगणात ओतले असते तर तू त्याच्या घरी जन्मात पाणी प्यायला नसतास. परमुलखातून पोट भरायला आलेला माणूस. त्याने आपल्या घराचे छप्पर शाकारून दिले, आईच्या आजारपणात तिची खाट नीट करून दिली, आणि त्याची ही किंमत? आधी जा आणि त्याची माफी माग.

आता मी विचारते. तुझ्याकडे उतरलेला तो गोरा साच्याचे फोटो कशाला काढत होता? भाऊबीजेच्या सकाळी मी रांधपघरात करंज्या तळत होते. बाहेर पडवीत तू त्याला सांगत होतास, ‘माय फादर, माय हँड.’ मला इंग्रजी येत नाही, पण ही चार अक्षरे कळतात. त्यातला फादर बरोबर होता. हँड कुणाचा रे?

नारळ ठेवू नकोस. रागाने ठेवलेला नारळ कुणाच्या डोक्यावर फुटेल याचा नेम नसतो.

लेक सुविधा बरी आहे. सातवीत गेली आणि तिला वाजवायचा नाद लागलाय. तुझे ते चिरा गेलेले जुने क्लारनेट सुतळी बांधून फुंकते. नदीकाठच्या कोंबड्या पळतात, पण सूर धरते.

तुझी,
चंद्रावती


मांद्रे
२ डिसेंबर १९८६

चि. चंद्रावतीस,

तुझ्या पत्राचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. घरात चोरी झाली माझ्या, आणि तू चोराची वकिली करतेस! म्हणे माफी माग. तो धाकू परवा पेटी डोक्यावर घेऊन निघून गेला, एक शब्द न बोलता. खरा असता तर भांडला असता. गप्प गेला यातच सगळे आले.

गोऱ्याचे म्हणशील तर त्यात लपवण्यासारखे काही नाही. तो त्याच्या देशात क्लारनेट वाजवतो. साचा बघून वेडा झाला. तिकडे त्यांच्या गावात जुन्या वाद्यांचे संग्रहालय आहे, त्यात साचा काचेच्या कपाटात ठेवणार होता आणि खाली बाबांचे आणि माझे नाव लिहिणार होता. बदल्यात तो मला फ्रान्सच्या पत्त्यांच्या दोन पेट्या देणार होता. एकेक पत्ती अशी की ओठाला लावली की बोलते. मग साच्याची गरज काय? तुलाही दर भाऊबीजेला पडवीत वाकून बसण्याचा त्रास वाचला असता. मी तुझाच विचार केला होता, पण तुला ते कळायचे नाही. साचा गेला तसा गोराही गेला, पत्त्याही गेल्या. सगळे हात हलवत.

नारळ ठेवला. गेल्या सोमवारी, मानकऱ्यांसमक्ष. देवापुढचे गाऱ्हाणे नेहमीप्रमाणे बाबाजीने घातले. बाबाजी तुला माहीत आहेच, त्याचे गाऱ्हाणे म्हणजे मऊ भात. ‘हो साचो जेणी व्हेलो, ताका बरी बुद्द दी, आनी वस्त परत हाड म्हाराजा,’ एवढेच म्हणून तो थांबायला लागला. चोराला बरी बुद्धी? माझे डोके फिरले. मी मध्येच पुढे झालो आणि मोठ्याने म्हटले, ‘त्या साच्यार तासल्ली एकूय पत्ती वाजूं नये! फुंकतल्याच्या तोंडांत वारो रावूं नये!’ बाबाजीने माझ्याकडे बघितले, पण तोवर मागचे सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणून मोकळे झाले होते.

आता बघू धाकू तो साचा कुणाला विकतो ते. विकत घेणाऱ्याच्या तोंडून चूं निघायची नाही. माझ्या मनाला शांत वाटले. त्या रात्री पोटभर जेवलो.

दादा


नार्वे
२६ डिसेंबर १९८६

दादा,

तुझे पत्र फार उशिरा हाती आले. रस्त्यांवर झाडे आडवी पडली होती, बस बंद, टपाल बंद. भाषेवरून सगळा गोवा एकमेकांच्या अंगावर धावतोय. एका परीने बरे झाले. त्याच दिवशी उत्तर लिहिले असते तर ते तू फाडून टाकले असतेस.

साचा माझ्याकडे आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तो नारळांच्या पोत्यात तळाला घातला. ते पोते बसच्या टपावर चढवायला तूच हात दिलास आणि ‘काय गो चंद्रे, आख्खो माड व्हरतंस?’ म्हणून हसलास. पुन्हा कधी देवाला चोर सांगायचा असेल तर पोते चढवणाऱ्याचे नावही सांग.

मी चोरी केली नाही. माझी वस्तू मी परक्या देशात जाऊ दिली नाही, एवढेच केले. आणि ‘माझी’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे.

थोडा हात लावतेस! तुझ्या पहिल्या पत्रातले हे वाक्य माझ्या डोळ्यांत महिनाभर खुपते आहे. थोडा हात? बाबांची नजर अधू झाली तेव्हा मी पाचवीत होते. माझी शाळा सुटली ती त्या साच्यापायी. तू पालखीपुढे वाजवायचास आणि मी मागच्या पडवीत बसून नळाची कांडी चिरायचे, आतली बाजू काचेवर घासून सपाट करायचे, चीप खाचेत बसवून रंधा ओढायचे. बाबा शेजारी बसून म्हणायचे, ‘म्हाका दिसना गो, पूण तुज्या बोटांक दिसता.’ साचा काय करतो? साचा फक्त उतार देतो. तो तुझ्या गोऱ्यालाही देईल. पुढचे काम बोटांचे. खरवताच्या खरखरीत पानाने टोक पातळ करायचे, जनेलातल्या उजेडाकडे धरून बघायचे, मधला कणा काळपट राहिला का, दोन्ही कडांना उजेड सारखा आला का. एक घासा जास्त गेला की पत्ती चिरकते, कमी झाला की गुदमरते. हे तुला कधी जमले? एकदा हातात रंधा घेतलास आणि अंगठा कापून घेतलास. आईने हळद भरली, आणि तुला पुन्हा त्याला हात लावू दिला नाही. माझी बोटे किती वेळा कापली ती कुणी मोजली नाहीत.

आणखी एक सांगते, जे कधीच सांगितले नव्हते. तुझा खालचा दात पडला ते वर्ष आठव. तुझा ओठ एका बाजूला दबायला लागला, वरचे सूर फाटायला लागले. तू चिडचिड करायचास, कुणाशी बोलायचा नाहीस. मी भाऊबीजेला आले, तुझे वाजवणे बाहेरून ऐकले, आणि त्या वर्षापासून तुझ्या सगळ्या पत्त्यांची डावी कड जाड ठेवायला लागले. पुढच्या जत्रेत लोक म्हणाले, शिवदास आता पिकला. तूही म्हणालास, रियाज केला हो. मी ताट घेऊन उभी होते. म्हटले, असेल.

दरवर्षी निरांजनाशेजारी वर्षाच्या पत्त्या ठेवून तुला ओवाळले. दुसऱ्या कुठल्या बहिणीच्या ताटात हे असते? आणि तू त्या काचेच्या कपाटाखाली बाबांचे आणि तुझे नाव घालणार होतास. माझा त्रास वाचवणार होतास म्हणे. माझ्यापाशी माहेरचे म्हणून उरलेले ते एकच काम, तेच तू त्रास म्हणून देऊन टाकत होतास. रडू आले नाही, एवढी संतापले.

आता गाऱ्हाण्याचे. शहाण्या माणसा, त्या साच्यावर तासलेली एकही पत्ती वाजू नये असे तू देवासमोर ओरडलास. तुझ्या डब्यातल्या पत्त्या कुठल्या साच्यावरच्या आहेत रे?

धाकूला शोध. आणि नारळ उचल.

चंद्रावती


मांद्रे
३ जानेवारी १९८७
(कार्ड)

तुझे पत्र पोचले. तुला काय वाटते, मी असल्या गोष्टींना भितो? सविस्तर मागाहून.

काल शेजारच्या लग्नात वाजवायला घेतले. पत्ती चिरकली. दुसरी लावली. तीही.

दादा


मांद्रे
१४ जानेवारी १९८७

चि. चंद्रावतीस,

आज संक्रांत. तिळगूळ घे आणि तू गोड बोल, कारण मला काही जमेल असे वाटत नाही.

तू माझे वाटोळे केलेस. डब्यातल्या पत्त्यांचे ते वाक्य तू लिहिले नसतेस तर मला सुचलेही नसते. तोवर महिनाभर मी त्याच पत्त्यांवर तीन जत्रा वाजवल्या आणि काही झाले नव्हते. आता पत्ती ओठाला लावली की कानात माझाच आवाज येतो, ‘एकूय पत्ती वाजूं नये!’ आणि छातीतला वारा निम्म्यात थांबतो. डबा उघडून सगळ्या पत्त्या बघितल्या. सगळ्या डाव्या कडेला जाड. तू खोटे बोलत नाहीस हे मला तेव्हा कळले, आणि तुझा आणखी राग आला. सांगायचे होते ना तेव्हाच! इतकी वर्षे मला मूर्ख बनवून ठेवलेस.

बाबाजीकडे गेलो. म्हटले, गुपचूप नारळ उचल, हवे तर दुसरा दे. तो मऊ भात एकदम खडा झाला. म्हणाला, ‘गाराणें तुवें सगळ्यांमुखार घालें. उखलूंक जाय जाल्यार वस्त कोणागेर आसा आनी कोणाची, तें सगळ्यांमुखार सांग. देवाक फटोवपाचो न्हय.’ मी पुष्कळ विनवले. सगळ्यांसमोर खरे सांगितल्याशिवाय नारळ उचलणार नाही म्हणतो.

आता तूच सांग, मी काय सांगू? पालखीपुढे तीस वर्षे वाजवलेला माणूस देवळात उभा राहून म्हणणार की माझी पत्ती माझी बहीण करते? सगळा गाव दात काढील. उद्या दुसरा कुणी क्लारनेटवाला वाटेत गाठून विचारील, काय शिवदास, बहिणीने यंदा सूर भरून दिले का? माझ्यापाशी ना शेत आहे ना सरकारी नोकरी. नाव आहे तेवढेच.

म्हणून असे कर. येत्या रविवारी साचा घेऊन ये. आपण माळ्यावर परत ठेवू. मी सांगेन, वाश्याच्या मागे पडला होता, सापडला. वस्तू घरात, वाद मिटला. धाकूचे काय, तो आपण होऊनच गेला, मी त्याला हाकललेला नाही. मी पुन्हा कुणा गोऱ्याला साचा दाखवणार नाही असे वचन देतो. याहून जास्त एखाद्या भावाने काय करायचे?

दादा


नार्वे
२४ जानेवारी १९८७

दादा,

मी येणार नाही. साचाही येणार नाही.

वाश्याच्या मागे पडला होता म्हणे! म्हणजे पुन्हा मी वाश्याच्या मागेच. आणि धाकू चोर तो चोरच राहिला, कारण सापडला म्हटले तरी गाव म्हणणार, धाकूनेच भिऊन आणून टाकला असेल. तुझ्या नावावर ओरखडा येऊ नये म्हणून आणखी किती जणांनी पुसून जायचे ते एकदा सांग.

धाकूला मी शोधले. साखळीला खनिजाच्या ट्रकांना फळ्या बसवायचे काम करतो. मला बघून उठून उभा राहिला आणि बसायला खोके पुसून दिले. साचा माझ्याकडे आहे हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने हातातली फळी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘पेटी ओतल्यान तां मी सोसलंय बाय. पण देवाच्या पुढ्यात माझां नाव मनात धरून नारळ ठेवल्यान, तां खंय नेऊन ठेवू? मी अजून घराकडे पत्र धाडूक नाय. काय लिवू?’ मी मान खाली घातली. मी गप्प राहिले म्हणून त्याच्यावर हे आले, ते माझे पाप आहे, आणि मी ते त्याच्यापाशी कबूल केले. तुझ्या वाटणीचे अजून बाकी आहे.

साच्याच्या एका पितळी पट्टीचा खिळा ढिला झाला होता. धाकूने येऊन तो बसवून दिला. ज्या साच्याचा तो चोर, त्याच साच्याला त्याने तेल दिले आणि चहा पिऊन गेला.

तू लिहितोस, नाव आहे तेवढेच. बरोबर आहे. मग ज्याच्याकडे तेवढेही नाही त्याने काय म्हणायचे?

तुझ्या गाऱ्हाण्याला मी भीत नाही असे म्हणणार होते. पण सुविधा माझ्या नव्या पत्तीवर वाजवते तेव्हा दर वेळी माझा जीव धाकधूक करतो, खोकली की मी देवाला हात जोडते. बारा वर्षांच्या भाचीच्या तोंडातला वारा थांबवायला तू देवाला सांगून बसलास, एवढे ध्यानात घे. नदीच्या पलीकडे राहिलो म्हणून काय झाले, देव होडीचे तिकीट काढत नाही.

पुढच्या भाऊबीजेला येईन. ओवाळीन. ताटात निरांजन असेल, सुपारी असेल, पत्ती नसेल.

चंद्रावती


मांद्रे
२ एप्रिल १९८७

चि. चंद्रावतीस,

झाले एकदाचे. तुझ्या मनासारखे झाले. सांगतो, पण मला मध्ये टोकू नकोस.

शिमग्यात मी आजारी म्हणून घरी बसलो. पालखीला म्हापशाहून कुणी तरुण क्लारनेटवाला आणला होता. पालखी आपल्या दारावरून गेली आणि तो आपल्या दारासमोर वाजवत होता. मी आतून ऐकले. वाईट वाजवले असते तर मी जेवलो असतो. चांगले वाजवत होता. मी पाटावरून उठलो तो पुन्हा बसलो नाही.

म्हणून पाडव्याला, सगळे मानकरी जमतात तेव्हा देवळात गेलो. बाबाजी नारळासमोर उभा राहिला. मला म्हणाला, ‘सांग.’ मला वाटले होते चार शब्दांत उरकेल. पण तो एकेक विचारत गेला. वस्तू कोणाकडे आहे? माझ्या बहिणीकडे, नार्व्याला. तिने चोरली? नाही. मग कशी गेली? तिची होती म्हणून गेली. तिची कशी? बापाची वस्तू मुलाची होते ना? तेव्हा मी म्हटले, ‘साचो बापायचो, पूण हात तिचो. म्हज्या तोंडांत आयज मेरेन गेल्ली दरेक पत्ती चंद्रान केल्ली.’ आणि धाकूचे नाव घेऊन सांगितले की त्याने काही नेले नाही, मी त्याच्यावर आळ घेतला. सांगितले ग सगळे. माझे कान तापले होते, मान वर करवत नव्हती.

आणि मग काय झाले माहीत आहे? काही झाले नाही. कुणी हसले नाही, कुणी चकित झाले नाही. म्हातारा रामचंद्र मानकरी खांबाला टेकून विडा चघळत होता, तो म्हणाला, ‘हें सांगपाक तुका इतले म्हयने लागले रे? आमकां सगळ्यांक खबर आसा. चंद्रेचें लग्न जालें त्या वर्सा तुजें क्लारनेट पाडकाभशेन हांबरतालें. मागीर भावबीज जाली आनी बरें जालें.’ बाकीचे माना डोलवायला लागले. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होते! मीच एकटा वेडा, जी गोष्ट उघड्यावर पडली होती तिच्यावर टोपली धरून बसलो होतो. असा संताप आला मला त्या म्हाताऱ्यांचा! तोंडावर ‘बाबांच्या हाताचा गुण’ म्हणायचे आणि मागे हे.

पण जाऊ दे. नारळ उचलला, नदीत सोडला. सगळ्यांना आधीच माहीत होते, त्यामुळे कुणाचेच काही बिघडले नाही. तुझे नाव झाले, माझे गेले नाही, देवही मोकळा झाला. आता साचा घेऊन ये, नाहीतर पत्त्या तासून पाठव. पुनवेला चैत्रातली पालखी आहे. धाकूला साखळीला पत्र घातले आहे. पडवी झाडून ठेवलीय.

तुझा,
दादा


नार्वे
९ एप्रिल १९८७

ती. दादास नमस्कार.

तुझे पत्र सुविधाने मोठ्याने वाचले. तुझे क्लारनेट वासरासारखे हंबरायचे हे वाचून ती हसली. धाकू तुझे पत्र दाखवायला आला होता, तोही हसला. मी हसले नाही.

नारळ उचललास, बरे केलेस. चारचौघांत नाव घेतलेस, ते तुला किती जड गेले असेल ते मला कळते, तुझा स्वभाव मी माझ्या पाळण्यापासून ओळखते. तुझे पत्र मिळाले त्या रात्री धाकूने घरी पत्र लिहिले. तुझ्यावरचा माझा राग त्या दिवशी उतरला.

पण सगळ्यांना माहीत होते? आणि तू ही मला आनंदाची बातमी म्हणून लिहितोस! कुणाचेच काही बिघडले नाही म्हणतोस!

दादा, मी दरवर्षी मांद्र्याला येऊन मागच्या पडवीत बसायचे. रंध्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून साच्याखाली गोणपाट घालायचे. कुणाची चाहूल लागली की मांडीवर सूप ओढून तांदूळ निवडते आहे असे दाखवायचे. नळाचा भुसा चुलीत जाळायचे. तुझे नाव राहावे म्हणून. आणि ती सगळी माणसे बाहेरच्या वाटेने जाताना ऐकत होती, समजत होती, आणि पुढच्या अंगणात येऊन तुझ्या पाठीवर थाप मारत होती. विहिरीवर मला भेटायची, कधी आलीस, मुलगी कशी आहे विचारायची. त्यातल्या एकाही तोंडाला, एकदाही, ‘चंद्रे, यंदाच्या पत्त्या बऱ्या झाल्या हां’ एवढे म्हणता आले नाही. ज्याला ठाऊक नसते त्याला काय बोलायचे? तो बिचारा. पण ठाऊक असून जो विडा चघळत बसतो त्याला मी काय म्हणू? तुला तरी भीती होती. त्यांना कसली होती?

तुम्ही पुरुष माणसे वर्षभर भाषेसाठी घसे कोरडे करून भांडलात. आता कायदा झाला, राज्यही होणार म्हणतात. होऊ दे, चांगलेच आहे. पण मला एवढे सांग, ते एक वाक्य मराठीत म्हणायला कुणी अडवले होते का? कोकणीत म्हणायला?

म्हणून मी पत्त्या तासून पाठवणार नाही. मी पुनवेला येते. साचा घेऊन येते, पोत्याच्या तळाला घालून नव्हे, हातात धरून. मागच्या पडवीत बसणार नाही. देवळाच्या मंडपात, तू जिथे वाजवायला उभा राहतोस त्या खांबाशी पाट मांडून बसणार आणि सगळ्यांसमोर तासणार. गोणपाट घालणार नाही. रामचंद्र मानकऱ्याला सांग, समोर बसायला ये. इतकी वर्षे कानाने ऐकले, आता डोळ्याने बघ म्हणावे. धाकू माझ्या शेजारी त्याची पेटी उघडी ठेवून बसेल. ज्याला तपासायची असेल त्याने खुशाल तपासावी. पहिली पत्ती सुविधा वाजवून बघेल. दुसरी तुझी, डावी कड जाड ठेवून.

नळ माझ्याकडे आहे, दोन पावसाळे माळ्यावर वाळलेला. काच धाकू आणतो. खरवताची पाने मात्र इकडे चांगली मिळत नाहीत. आपल्या विहिरीमागच्या झाडाची तू काढून ठेव. कोवळी नकोत, जून बघून काढ, आणि एकेक पुसून ठेव.

तूही थोडा हात लाव.

तुझी,
चंद्रावती